पांढरी लागली की थांबायचं

आमची विहीर आतून बांधलेली नव्हती आणि त्याचा आम्हाला उगाचच अभिमान होता. पाहुणा आला की चहा उकळण्याआधी दादा त्याला विहिरीवर नेई आणि म्हणे, "बघा, आत एक चिरा लावलेला नाय. आजोबांपासून अशीच उभी हाय." पाहुणा देशावरचा असला तर हमखास दोन पावलं मागे सरके. त्यांच्याकडे विहीर खणली की आतून बांधून काढावी लागते, नाहीतर माती ढासळते. आमच्याकडे जांभा. हा दगड जमिनीत ओलसर असतो तोवर तासता येतो. एकदा का उघड्यावर आला, वारा लागला, की दिवसागणिक घट्ट होत जातो. खाणीतून आणलेले चिरेसुद्धा लोक लगेच बांधकामाला घेत नाहीत, अंगणात रचून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, वारा खाऊ दे. विहीर खणायची रीतही तीच. चार-पाच फूट खाली जायचं, आठ दिवस थांबायचं, भिंतींना वारा खाऊ द्यायचा, मग पुढचं खणायचं.

मी त्या विहिरीला लहानपणापासून घाबरते. खरं सांगायचं तर मी कशाला घाबरत नाही हे सांगणं सोपं जाईल. भाट्याच्या पुलावर एसटी नुसती थांबली तरी मला पूल हलल्यासारखा वाटतो. सिलिंडर बदलला की घरात फक्त मलाच गॅसचा वास येतो. त्यात मी पालीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. भित्रेपणा आणि मास्तरकी एका माणसात आली की तो माणूस फार बोलतो.

घरात आम्ही तिघं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, उभं आयुष्य मालवाहू बोटींवर काढून निवृत्त झालेला. वहिनी. आणि मी, लग्न न केलेली बहीण. दादाला वादळातल्या लाटांची भीती कधी वाटली नाही, मग घरातल्या गोष्टींची काय वाटणार! माझी थट्टा करणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा मुख्य उद्योग होता, आणि पेन्शनपेक्षा त्यातच त्याला जास्त समाधान मिळत असावं.

आमचं गाव सडा आणि खाडी यांच्या मधल्या उतारावर आहे. वर सड्यावर सपाट, उघडा जांभा. खाली नारळी-पोफळी आणि त्यांच्या पायाशी खाडी. पावसाळ्यात इथे इतका पाऊस पडतो की कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, आणि एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. बाहेरच्यांना हे कोडं वाटतं. मी ते वर्गात इडलीने सोडवून दाखवते. पाट्यावर स्टीलची ताटली ठेवायची, ताटलीत इडली, आणि वरून पाणी ओतायचं. इडली म्हणजे जांभा, सगळा भोकाभोकांचा. पाणी त्यातून सरळ खाली जातं. ताटली म्हणजे त्याच्याखालची चिकणमाती. ती पाणी पुढे जाऊ देत नाही. मग पाणी ताटलीवरून सरकत कडेला येतं आणि बाहेर पडतं. तेच आमचे उताराचे झरे, तेच आमच्या विहिरींचं पाणी. पाऊस थांबला की इडली हळूहळू निथळते आणि उन्हाळ्यात कोरडी पडते. आणि सगळ्यात खाली पाटा, म्हणजे काळा कातळ. तो भरीव असतो, पण कुठे कुठे त्याला भेगा असतात, आणि त्या भेगांत पाणी असतं. मुलांना हा धडा फार आवडतो. इडल्या नंतर त्यांनाच मिळतात.

त्या मधल्या मातीला आमच्याकडे पांढरी म्हणतात. ती पांढरट, मध्येच गुलाबी-जांभळी, आणि हाताला साबणासारखी लागते.

आमच्या विहिरीला पूर्वी मेअखेरपर्यंत पाणी असे. गेल्या काही वर्षांत होळीलाच पोहरा तळाला घासू लागला. सड्यावर बागा वाढल्या, बंगले झाले, प्रत्येकाने आपापली बोअर मारली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आमच्याकडे बोअरची गाडी येण्यासारखी वाट नाही; रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडीच्या चिऱ्यांच्या पायऱ्या. शिवाय खालच्या घरातल्या चाचांचा अनुभव समोर होता. ते कुवेतहून कायमचे परत आले आणि पहिल्यांदा त्यांनी खाडीलगतच्या वाडीत बोअर मारली. पाणी भरपूर लागलं, पण पहिल्याच उन्हाळ्यात मचूळ झालं. त्या पाण्याचा चहा ते पाहुण्यांना आवर्जून पाजत, "मीठ वेगळं घालावं लागत नाय" म्हणून.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात दादाने ठरवलं की विहीर खोल करायची. आमच्या भागात विहिरी खणणारे एक म्हातारे काका होते. ते आले, विहिरीत उतरले, तळातला गाळ काढला आणि वर आले. त्यांच्या पायांना पांढरा चिखल लागला होता.

"झाली," ते म्हणाले. "पांढरी लागली. आता नारळ फोडा नि थांबा."

थांबायचं म्हणजे काय, हे मला पटेना. मी त्यांना माझा इडलीचा धडा ऐकवला. पांढरी काही पाताळापर्यंत नसते, तिच्याखाली काळा कातळ आहे, भेगांत पाणी आहे, आठ-दहा फुटांचाच प्रश्न आहे. मला आज आठवलं तरी लाज वाटते. त्या माणसाची हयात विहिरींत गेली होती आणि मी त्याला पाट्या-ताटल्यांच्या गोष्टी सांगत होते.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, खाली पाणी असंल, मी नाय म्हणत नाय," ते म्हणाले. "पण वाटेत पांढरी हाय. जांभा आपला हाय. पांढरी कुणाची नाय."

ते गेल्यावर मी दादाला म्हटलं, त्यांना खालचा कातळ फोडायला नको आहे, म्हणून ही अंधश्रद्धा. आयुष्यात एकदाच मी न घाबरण्याच्या बाजूने बोलले, ते असं. दादाला तेवढंच पाहिजे होतं. "समुद्राला नाय घाबरलो, डबक्याला घाबरू?" म्हणाला, आणि स्वतः उतरायचं ठरवून मोकळा झाला.

त्याने तयारी मात्र बोटीवरच्यासारखी केली. पालीच्या बाजारातून दोन नवे दोर आणले. एक घमेल्याचा, माती वर ओढायला. दुसरा माझ्या हट्टाखातर त्याच्या छातीला बांधलेला. त्याची गाठ त्याने स्वतः मारली, आणि ती कशी सुटत नाही हे मला तीनदा दाखवलं. वर कप्पीपाशी वहिनी, मी आणि चाचा. चाचांना म्हटलं, उन्हात कशाला येता, तर म्हणाले, "तुमचं पाणी गोडं लागलं तर पहिला हंडा माझा."

पांढरीत पहिले चार फूट गेले आणि आम्ही रीतीप्रमाणे थांबलो. आठ दिवस वारा खाऊ दिला. आज मला वाटतं, ही चूक फक्त आमच्याकडचीच माणसं करू शकतात. मातीच्या मुलखातला माणूस मातीवर असा विश्वास टाकणार नाही. आमच्या हाडांत जांभा भिनलेला आहे. कापलं की घट्ट होतं, एवढंच आम्हाला ठाऊक. नवव्या दिवशी दादाने पहार उलटी धरून भिंतीवर ठोकली. खणखणीत आवाज आला. "बघ, वाजतंय," तो खालून ओरडला. वर आलेल्या ढेकळावर मी नख ओढून पाहिलं, तर ओरखडा उठेना. मीही म्हटलं, घट्ट झालीये. ती वरची पापडी होती. तिच्यामागे माती तशीच ओली होती, आणि तिच्या डोक्यावर तीस फूट जांभ्याचं ओझं होतं, हे मला कळायला हवं होतं. मी भूगोल शिकवते.

त्यानंतर रोज सकाळी एक खेळ ठरलेला असे. दादा छातीला दोर बांधून काठावर बसे, पाय आत सोडी आणि विचारी, "काय गो, आज काय पडणार?" मग मी यादी म्हणायची. कप्पीचा खिळा ढिला वाटतोय. घमेलं काठोकाठ भरू नकोस, ढेकूळ डोक्यात पडेल. पूर्वेच्या भिंतीला मुळं सुटलीयत. विंचू. तो मन लावून ऐके, मोठ्याने हसे आणि उतरे. चाचाही हसत. वहिनी हसत नसे, पण मानेनेच म्हणे, पुरे आता.

एके दिवशी मी घोटाळा केला. खाली काहीतरी काळं हललेलं दिसलं आणि मी किंचाळले. तिघांनी मिळून दादाला घाईघाईने वर ओढलं, त्यात त्याचं कोपर जांभ्याला घासून सोलवटलं. खाली बेडूक होता. चाचा हसून हसून खोकायला लागले. दादाही हसला. वहिनीने हळद लावता लावता माझ्याकडे न बघता म्हटलं, "वन्सं, विहिरीनं काय व्हायचं नाय. तुमच्या भीतीनंच एखाद दिवस माणूस पडायचा."

ती चिडकी नाही. तीस वर्षांत ती मला कधी वाकडं बोलली नव्हती. म्हणूनच ते बोलणं मला फार लागलं. रात्री जेवले नाही, आणि ठरवून टाकलं, उद्यापासून तोंड उघडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घमेल्याचा दोर सोडायला मी वाकले. उजेड नुकताच तळाशी पोचत होता. जांभा संपून पांढरी सुरू होते त्या जागी, पश्चिमेच्या अंगाला, मला भिंत पुढे आल्यासारखी दिसली. जांभ्याच्या रेषेच्या चार बोटं पुढे. सुटलेल्या पोटासारखी. आणि तिच्यावर ओल चकाकत होती. काल तिथे कोरडं होतं. मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. उजेडाचा खेळ असेल, मी मनाशी म्हटलं. कालचा बेडूक आठवला.

दादा काठावर येऊन बसला, दोर बांधलेला, कोपराला पट्टी. "काय गो, आज काय पडणार?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काही नाही. उतर."

तो क्षणभर थांबला, असं मला आता वाटतं. मग उतरला.

दहाच्या सुमाराला पहारेचा आवाज बदलला. इतके दिवस थप्प यायचा, तो ठण्ण झाला. दादाने पुन्हा मारली, पुन्हा ठण्ण. काळा कातळ लागला होता. थोड्या वेळाने खालून हाक आली, "लागलं गो! पाणी लागलं! भेग हाय हिकडं!" वहिनीने हात जोडले. चाचा म्हणाले, "अल्ला, गोडं असू दे." माझा धडा खरा ठरला होता. मी हसत हसत वाकले.

भिंत आता चार बोटं नव्हे, वीतभर पुढे आली होती.

माझा आवाज शाळेच्या मैदानापलीकडच्या रस्त्यावर ऐकू जातो, असं मुलं म्हणतात. त्या वेळी माझं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. मी वहिनीचा हात धरला. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती ओरडली. तोवर पांढरी सुटली होती. हातातून भिजका साबण सटकावा तशी ती आवाज न करता खाली सरकली आणि मग एकदम जड काहीतरी बसल्याचा आवाज आला. दादा मांड्यांपर्यंत मातीत गेला होता. तो वर बघत होता. त्याच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. माझा भाऊ घाबरला होता.

चाचांनी आणि वहिनीने दोर खेचला. "ओढू नका!" तो ओरडला. "पाय अडकलेत, मोडतील. दोर ताणून धरा फक्त." तसा आम्ही धरला. जिथली पांढरी गेली होती तिथे आता जांभा नुसता अधांतरी होता, आणि त्याच्या कडेवरून लाल खडे एकेक करून खाली गळत होते. दादा हातांनी माती उपसू लागला.

"बहिणी," तो म्हणाला. असं तो मला कधीच म्हणत नाही. "पालथी पड काठावर. वर बघायला मला जमत नाय. काय पडतंय ते सांगत राहा."

मी पालथी पडले. आणि मग मला आवाज फुटला. डाव्या अंगाला खडे गळतायत. बारीक. आता थांबले. उजवीकडची भिंत ठीक आहे. डावीकडे परत. मोठा आला, डोकं वाक. मी सांगत होते आणि तो माझ्या आवाजावर मान हलवत होता, खणत होता. किती वेळ गेला कोण जाणे. भेगेतलं पाणी वर चढू लागलं. ज्या पाण्यासाठी हे सगळं केलं ते त्याच्या कमरेला आलं, तेव्हा वहिनी मोठमोठ्याने देवाचं नाव घेऊ लागली. पण पाण्याने माती सैल झाली. त्याचा एक पाय सुटला. मग दुसरा, वेडावाकडा, बूट खालीच ठेवून.

"आता ओढा."

आम्ही ओढला. चाचांच्या हातांची सालं निघाली, ती त्यांना संध्याकाळी कळली. दादा जांभ्याच्या भागात आला, त्याने चढउतारासाठी कोरलेल्या खाचांत हात घातले, आणि त्याच्या पायाखालची उरलेली पांढरी सगळीच्या सगळी बसली. तिच्यामागून कपाटाएवढा जांभ्याचा तुकडा सुटून गेला. खालचं पाणी उडून आमच्या तोंडांवर आलं. ते गोडं होतं.

अंगणात आल्यावर वहिनीने त्याच्या पाठीत दोन्ही मुठींनी मारलं आणि मग त्याच पाठीवर डोकं टेकून रडली. तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला होता. रत्नागिरीला नेल्यावर कळलं की घोट्याचं हाड मोडलंय. प्लास्टर झालं. संध्याकाळी विहीरवाले काका आले, काठावरून आत पाहिलं, "मी सांगितलं व्हतं" असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. विहिरीवर फळ्या टाकायला सांगितल्या आणि गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दादा पडवीत आरामखुर्चीवर, पाय स्टुलावर. लोक बघायला येत, तो प्रत्येकाला गोष्ट सांगे, दर वेळी पाणी थोडं जास्त वर चढे. माझ्याबद्दल म्हणे, "हिच्या बोलण्यावर मी वर आलो." लोक माझ्याकडे कौतुकाने बघत, आणि मी चहाच्या निमित्ताने आत जाई. त्या सकाळी पाहिलेली भिंत माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मी सांगितलं असतं तर तो उतरला नसता. मी रुसले होते म्हणून तो उतरला.

तीन आठवडे मी ते गिळून होते. मग एका दुपारी, वहिनी खाली चाचांकडे गेली असताना, मी त्याच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. सकाळीच दिसलं होतं. चार बोटं पुढे आली होती. ओल होती. मी मुद्दाम बोलले नाही.

तो प्लास्टरवर बोट फिरवत राहिला. मला वाटलं, आता थट्टा करील, आणि मी ती ऐकायला तयार होते.

"तुला वाटतं मी नुसता हसायचो," तो म्हणाला. "पण तू सांगायचीस ते खाली गेल्यावर मी एकेक करून बघायचो. खिळा बघायचो, मुळं बघायचो, विंचूसुद्धा बघायचो. बोटीवर आमचा एक माणूस टेहळणीला असायचा, त्याच्या भरवशावर बाकीचे काम करायचे. तशी तू. त्या दिवशी तू म्हणालीस, काही नाही. म्हटलं, हिला पण आज भीती नाय, म्हणजे बघायची गरज नाय."

मी स्टूल त्याच्या पायाखाली नीट सरकवलं.

"भिंतीकडे मी त्या दिवशी बघितलंच नाय गो," दादा म्हणाला.